छोट्या वस्तीतली विचारपूर्वक वास्तुरचना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वस्ती वीस घरांची असो की दोनशे घरांची, तिथे प्रत्येकाचं छप्पर दुसऱ्या कुणाच्या तरी खिडकीतून दिसतं आणि प्रत्येकाच्या वळचणीचं पाणी कुणाच्या तरी कुंपणाला लागतं. अशा ठिकाणी घर बांधणं ही एकट्याची बाब राहत नाही. वस्तीसाठी रचनेची तत्त्वं लिहिणारे, आलेले नकाशे तपासणारे आणि त्या चौकटीत आपलं घर बसवू पाहणारे, या तिघांना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

बांधकामाचे सरकारी नियम असताना वेगळी तत्त्वं कशाला?

सरकारी नियम घर पडू नये, जळू नये, रोगट होऊ नये एवढं पाहतात. ते शेकडो गावांना एकाच मापाने लागू होतात. समोरच्या टेकडीची कड उघडी राहावी की नाही, किंवा पावसाचं पाणी नेमक्या कोणत्या ओहोळातून जातं, याची नोंद त्यांत नसते. तत्त्वं ही पोकळी भरतात. मात्र ती सरकारी नियमांच्या वर येतात, त्यांच्या जागी नाही. दोन्हींत विरोध दिसला तर कायदा मोठा, आणि तत्त्वं त्याला जुळवून घ्यावी लागतात.

तत्त्व कसं लिहावं?

प्रत्येक तत्त्वात तीन गोष्टी हव्यात : काय करायचं, का करायचं आणि ते पाळलं गेलं हे कसं मोजायचं. ‘इमारत परिसराशी सुसंगत असावी’ हे वाक्य कुणालाच बांधत नाही. नकाशे तपासणारी समिती कडक असली की त्याचा एक अर्थ निघतो, सैल असली की दुसरा. त्याऐवजी असं लिहा : ‘मूळ जमिनीपासून आढ्यापर्यंतची उंची ७ मीटरपेक्षा जास्त नको, कारण त्यावर गेलेलं छप्पर मागच्या ओळीतल्या घरांची समोरची दृष्टी अडवतं. उंची काम सुरू होण्याआधीच्या सर्वेक्षणावरून मोजली जाईल.’ सातचा आकडा प्रत्येक जागी वेगळा येईल, वाक्याची घडण मात्र हीच ठेवा.

यातला ‘का’ सगळ्यात महत्त्वाचा. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची सी रँच ही वस्ती १९६०च्या दशकात आखली गेली. तिथल्या छपरांना वळचणी जवळजवळ नाहीत, उतार एकाच बाजूला आहेत आणि लाकूड बिनरंगाचं सोडलेलं आहे. समुद्रावरून सतत येणारा जोरदार वारा छपरावरून सरकून जावा, कडेला अडकू नये, हे त्यामागचं कारण. पुढे तसली एका बाजूला उतरणारी छपरं जगभर ‘शैली’ म्हणून उचलली गेली. जिथे वारा नाही आणि पाऊस मात्र मुसळधार आहे, अशा ठिकाणीही वळचणीशिवाय घरं उभी राहिली आणि त्यांच्या भिंती ओल धरू लागल्या. कारण गळून नुसता आकार उरला की हे असं होतं. म्हणून शैली लिहू नका, कारण लिहा.

तत्त्वं बारा-पंधरापेक्षा जास्त नसावीत. चाळीस झाली की कुणी वाचत नाही.

भूखंडावर घर नेमकं कुठे बसवावं?

सगळ्यात सुंदर कोपऱ्यावर नको. तिथे घर बांधलं की तो कोपरा संपतो. जिथे जमीन आधीच बिघडलेली आहे, झाडं कमी आहेत आणि उतार सौम्य आहे, तिथे घर ठेवा आणि चांगला भाग घरातून दिसेल असं करा. टेकडी असेल तर माथ्यावर बांधू नका. आढं माथ्याच्या रेषेखाली राहील इतकं उतारावर खाली सरका. दृश्य जवळपास तेवढंच मिळतं, वारा कमी लागतो आणि खालून पाहणाऱ्याला आकाशरेषा अखंड दिसते.

ठरवण्याआधी चार नकाशे एकावर एक ठेवून पाहावेत : अर्ध्या मीटरच्या अंतराच्या समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा), झाडं त्यांच्या बुंध्याच्या मापासह, पाण्याच्या वाटा, आणि शेजाऱ्यांच्या खिडक्या व बसायच्या जागा. चौथा नकाशा बहुतेक जण काढतच नाहीत, आणि नंतरची भांडणं जास्त करून त्यावरूनच होतात.

उतारावर घर आडवं की उभं?

समोच्च रेषांना समांतर, म्हणजे उताराला आडवं. हिशेब सोपा आहे. समजा घर ६ बाय १४ मीटर आणि उतार १५ टक्के. लांब बाजू समोच्च रेषेबरोबर ठेवली तर घराच्या वरच्या आणि खालच्या कडेत फरक पडतो ९० सेंटीमीटरचा. तेच घर उताराच्या दिशेने फिरवलं तर फरक २.१ मीटर होतो. पहिल्या रचनेत जोतं जरा उंच करून किंवा मध्ये तीन-चार पायऱ्या देऊन निभतं. दुसऱ्या रचनेत डोंगर कापावा लागतो, भराव टाकावा लागतो आणि भिंत बांधून तो धरून ठेवावा लागतो.

इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे अर्धं घर कापलेल्या पक्क्या जमिनीवर आणि अर्धं ताज्या भरावावर. भराव खचत राहतो, पक्की जमीन खचत नाही. काही पावसाळ्यांत खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघतात. गिलावा करून त्या बुजवता येतात, पण परत येतात, कारण दुखणं पायात आहे. पाया सगळीकडे मूळ जमिनीपर्यंत न्या, नाहीतर घराचे दोन टप्पे करा.

मातीला आधार देणाऱ्या भिंतींना मर्यादा का घालावी?

उंची दुप्पट केली की मातीचा भिंतीवरचा एकूण रेटा चौपट होतो आणि भिंत उलथवू पाहणारा जोर आठपट. म्हणून ३ मीटरच्या एका भिंतीऐवजी दीड-दीड मीटरच्या दोन भिंती बांधा आणि मधे रुंद टप्पा ठेवून त्यावर झाडं लावा. मधलं अंतर खालच्या भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट असावं. फार जवळ बांधल्या तर वरच्या भिंतीचं ओझं खालचीवर येतं आणि टप्पे केल्याचा फायदा उरत नाही.

अशा भिंती पडतात त्या बहुतेक वेळा मातीने नाही, पाण्याने. मागे पाणी साचलं की त्याचा दाब मातीच्या दाबात भर घालतो. त्यासाठी भिंतीच्या पाठीमागे निदान ३० सेंटीमीटर जाडीचा खडीचा थर, माती आणि खडी यांच्यामध्ये गाळणारं कापड, तळाशी छिद्रांचा निचरा पाइप आणि भिंतीत दीड-दोन मीटरवर पाणी बाहेर पडायची भोकं ठेवा. भोकांच्या तोंडाशी खडी नसेल तर माती वाहून येते आणि ती बुजतात. पावसात भिंत कोरडी आणि भोकंही कोरडी दिसली तर खूश होऊ नका, भोकं तुंबली आहेत का ते आधी पाहा.

पावसाच्या पाण्याची जबाबदारी कुणाची?

ज्याच्या छपरावर पडलं त्याची. हे तत्त्व पहिल्या पानावर असावं असं आमचं ठाम मत आहे.

एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. एका घराचं छप्पर १२० चौरस मीटर आणि फरसबंदी ६० चौरस मीटर धरा. अशी तीस घरं म्हणजे ५,४०० चौरस मीटर कठीण पृष्ठभाग. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर २ लाख ७० हजार लिटर पाणी. आधी यातलं बरंचसं मातीत मुरत होतं, आता जवळजवळ सगळं वाहतं आणि एकदम वाहतं. खालच्या घरात पाणी शिरतं तेव्हा वरच्या एकट्या कुणाचा दोष दाखवता येत नाही, कारण प्रत्येकाने थोडं थोडं सोडलेलं असतं.

उपाय असे. घराभोवतीची जमीन पहिल्या ३ मीटरमध्ये निदान १५ सेंटीमीटर बाहेर उतरती ठेवा. छपराचं पाणी पन्हळीतून शोषखड्ड्यात किंवा उथळ, गवताळ चरात सोडा. चराचा उतार १ ते २ टक्के ठेवा. त्याहून जास्त दिला तर माती धुपते, फार कमी दिला तर डबकं होतं. शोषखड्डा पायापासून दूर असावा, शेजाऱ्याच्या पायापासूनही. गाडीच्या वाटेवर सलग काँक्रीट ओतण्याऐवजी चाकांपुरते दोन पट्टे टाका, की निम्म्याहून जास्त जागा पाणी पिते. आणि जुना ओहोळ कोरडा दिसतो म्हणून त्यावर कुंपण घालू नका. दहा वर्षांत एकदाच तो जागा होतो, पण होतो.

झाड वाचवायचं असेल तर त्यापासून किती लांब खोदावं?

छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास मोजा आणि त्याला बाराने गुणा. ३० सेंटीमीटर खोड असेल तर ३.६ मीटर त्रिज्येचं वर्तुळ राखून ठेवायचं. त्या वर्तुळात खोदाई नाही, भराव नाही, विटा-वाळूचा ढीग नाही, मिक्सर धुतलेलं पाणी नाही. काम सुरू होण्याआधी कुंपण घाला, नंतर नाही. बांधकामात मेलेली बरीच झाडं कुणी तोडलेली नसतात. मुळांवरची माती गाड्यांनी दाबली जाते, मुळांना हवा मिळत नाही आणि झाड दोन-तीन वर्षांनी वाळतं. तोवर ठेकेदार निघून गेलेला असतो.

उन्हासाठी छज्जा किती बाहेर काढावा?

विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र सारखे असताना, भर दुपारी सूर्याची उंची म्हणजे ९० अंशांतून तुमचा अक्षांश वजा. उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी त्यात साडेतेवीस मिळवा, हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी तेवढेच वजा करा. ३५ अक्षांशावर हे कोन येतात ७८.५, ५५ आणि ३१.५.

आता विषुववृत्ताकडे तोंड असलेली १२० सेंटीमीटर उंच खिडकी घ्या. तिच्या माथ्यावर २० सेंटीमीटर सोडून ५० सेंटीमीटरचा छज्जा काढा. उन्हाळ्यात सावली छज्ज्याखाली जवळपास अडीच मीटर उतरते, म्हणजे खिडकी पूर्ण झाकली जाते. विषुवदिनी सावली ७१ सेंटीमीटर पडते, म्हणजे खिडकीचा वरचा ५१ सेंटीमीटर भाग सावलीत राहतो. हिवाळ्यात ती ३१ सेंटीमीटरच उतरते, खिडकीचा जेमतेम ११ सेंटीमीटर भाग झाकला जातो आणि ऊन आत येतं. एक साधी फळी तीन ऋतूंत तीन कामं करते. वर्षभर उकाडा असेल तर छज्जा खोल करा, थंडी जास्त असेल तर आखूड.

पूर्वेला आणि पश्चिमेला हा हिशेब चालत नाही. तिथे सूर्य खाली असतो आणि छज्ज्याखालून थेट आत येतो. त्या बाजूंना खिडक्या लहान ठेवा, उभ्या पट्ट्या किंवा बाहेरून झडपा लावा, किंवा झाड लावा. आतला पडदा उजेड अडवतो, पण उष्णता काचेतून आत आलेलीच असते.

वाऱ्याला अडवायला भिंत बरी की झाडांची रांग?

झाडांची रांग. सलग भिंतीवरून वारा उसळतो आणि पलीकडे भोवरे करत खाली आदळतो. ज्यातून जवळपास निम्मा वारा गाळून जातो असा अडथळा त्याला मंद करतो आणि त्याचा आडोसा उंचीच्या दहापट अंतरापर्यंत, कधी त्याच्याही पुढे जाणवतो. सी रँचमध्ये जुन्या शेतांच्या कडेला उभ्या सायप्रसच्या रांगा होत्या. त्या तशाच राखून घरं त्यांच्या आडोशाला बसवली गेली.

घर ‘मोठं दिसतं’ म्हणजे नेमकं काय?

क्षेत्रफळ तेवढंच असूनही एक घर अंगावर येतं आणि दुसरं येत नाही. फरक असतो अखंड पृष्ठभागाचा. वीस मीटर लांब, दोन मजली, न तुटलेली भिंत जड वाटते. तिचे दोन-तीन भाग करा, एक भाग मीटर-दीड मीटर मागे घ्या, एकाचं छप्पर खाली आणा, वरचा मजला छपराच्या पोटात घ्या. आतली जागा जवळपास तेवढीच राहते. फक्त असे भाग खरे असावेत. सपाट भिंतीवर रंगाचे पट्टे मारून ती तुटत नाही.

उंची कुठून मोजायची हे मात्र स्पष्ट लिहा. ‘तयार जमिनीपासून’ असं लिहिलं की आधी दोन मीटर भराव टाकून वर परवानगीची पूर्ण उंची घेतली जाते. ‘प्रत्येक बिंदूवर, कामाआधीच्या मूळ जमिनीपासून’ असं लिहावं.

नकाशावरून शेजाऱ्यांना अंदाज येत नाही. काय करावं?

जागेवर काठ्या रोवा. घराच्या प्रत्येक कोपऱ्यावर पूर्ण उंचीचा बांबू किंवा पाइप उभा करा, आढ्याच्या रेषेवर जाड रंगीत दोरी ताणा, वळचणीची उंची फडक्याने दाखवा आणि हे सगळं निदान दोन आठवडे तसंच ठेवा. स्वित्झर्लंडमध्ये परवानगीआधी अशी चौकट उभी करण्याची पद्धतच आहे. संगणकावरच्या चित्रात कॅमेरा कुठे ठेवायचा हे चित्र काढणारा ठरवतो. काठ्या मात्र शेजारी आपल्या ओट्यावर बसून पाहतो आणि आढं अर्धा मीटर खाली आलं तर काय बदलेल हे त्याला बोटाने दाखवता येतं. मालकालाही आपलं घर केवढं आहे हे बहुधा तेव्हाच कळतं.

काठ्यांची उंची सर्वेक्षकाने तपासून द्यावी. त्या चुकल्या तर सगळी चर्चा चुकते.

कोणतं साहित्य चालेल, याची यादी द्यावी का?

यादीपेक्षा गुण लिहा : चकाकी नसावी, उन्हापावसाने बिघडण्याऐवजी मुरत जावं, दुरुस्ती आसपासच्या कारागिराला जमावी. मग एक मीटर बाय एक मीटरचा नमुना जागेवरच बांधायला सांगा, त्याच विटेचा किंवा दगडाचा, त्याच मसाल्याचा, दर्जा (विटा-दगडांमधल्या फटी) भरून पूर्ण केलेला. तो सकाळी, संध्याकाळी आणि पाणी मारून ओला करून पाहा. दर्जांचा रंग आणि जाडी भिंतीचा चेहरा किती बदलतात हे तिथेच दिसतं. रंगही कागदी तुकड्यावरून ठरवू नका. मोठ्या भिंतीवर तो तुकड्यापेक्षा जास्त भडक वाटतो.

जुन्या मऊ विटांच्या किंवा दगडांच्या भिंतीत सिमेंटच्या दर्जा भरणं ही फार महागात पडणारी चूक आहे. चुन्याच्या दर्जेतून भिंतीतली ओल बाहेर पडते. सिमेंट तिला अडवतं, मग ओल विटेतून बाहेर निघते, क्षार विटेच्या पृष्ठभागामागे साठतात आणि विटेचे पापुद्रे सुटतात. दर्जा शाबूत आणि वीट झिजलेली, अशी उलटी भिंत दिसली की कारण हेच. मसाला नेहमी विटेपेक्षा मऊ हवा, कारण दर्जा पुन्हा भरता येते, वीट बदलणं अवघड.

जुन्या घराला नवा भाग जोडताना हुबेहूब जुन्यासारखा करावा का?

गरज नाही. माप जुळवा : खिडक्यांची उंची-रुंदी, मजल्यांच्या रेषा, छपराचा उतार. जोडाच्या जागी नवं काम थोडं मागे घ्या. नवा पाया नव्याने बसतो, त्यामुळे जोडावर भेग येणारच. मागे घेतलेल्या सांध्यात ती झाकली जाते.

रात्रीच्या दिव्यांचा नियम हवाच का?

हवा, आणि हा नियम पाळायला सगळ्यात स्वस्त आहे. दिव्याचा प्रकाश पूर्ण खाली पडावा, आडवं पाहिल्यावर बल्ब दिसू नये, रंग २७०० ते ३००० केल्विन म्हणजे उबदार असावा, आणि सुरक्षेचे दिवे हालचालीवर लागणारे असावेत. डोळ्याला अंधार सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एक उघडा झगझगीत दिवा ते क्षणात पुसतो. अशा दिव्यामागचा माणूसही दिसत नाही. म्हणजे ज्या सुरक्षेसाठी तो लावला तीच कमी होते.

गाड्या कुठे ठेवाव्यात?

एका गाडीला अडीच बाय पाच मीटर लागतात. वळायची जागा धरली तर २५ ते ३० चौरस मीटर. प्रत्येक दारात गाडी हवी म्हटलं तर छोट्या वस्तीची मोकळी जागा रस्त्यातच जाते. वस्तीच्या तोंडाशी सावलीतले एकत्र तळ करा आणि सामान उतरवण्यापुरती वाट दारापर्यंत ठेवा. अग्निशमनाची आणि रुग्णवाहिकेची गाडी प्रत्येक घरापर्यंत पोचून वळू शकते का, हे स्थानिक अग्निशमन दलाकडून नकाशावर तपासून घ्या.

सामायिक चौक केवढा असावा?

वाटतो त्यापेक्षा लहान. माणसाच्या चेहऱ्यावरचे भाव साधारण २० ते २५ मीटरपर्यंत वाचता येतात. चौकाची निदान एक बाजू त्या मापात ठेवली तर पलीकडून जाणारा ओळखू येतो, हाक मारता येते. पन्नास बाय पन्नासचा चौक तीस घरांच्या वस्तीत कायम ओसाड वाटतो. बाक कडेला, भिंतीला किंवा झाडाला पाठ करून आणि येण्याजाण्याच्या वाटेकडे तोंड करून ठेवा. बैठक ४५ सेंटीमीटर उंच असावी. मधोमध ठेवलेल्या बाकावर सहसा कुणी बसत नाही, पाठ उघडी राहते.

म्हातारी माणसं आणि चाकाची खुर्ची?

वाटा १.५ मीटर रुंद, उतार १:२० पर्यंत. त्याहून चढ असेल तर कठडे असलेला रॅम्प, १:१२ पेक्षा तीव्र नाही. प्रत्येक घराचं निदान एक दार बिनउंबऱ्याचं आणि ९० सेंटीमीटरचं ठेवा. खुर्ची वळायला दीड मीटर व्यासाची जागा लागते. पायऱ्यांसाठी दोन चढ आणि एक पाऊल यांची बेरीज ६० ते ६५ सेंटीमीटर यावी. १५ चा चढ आणि ३० ची पायरी चालायला सोपी जाते. एका जिन्यात सगळे चढ सारखे हवेत. एखादा दोन सेंटीमीटरनेही वेगळा झाला की पाय तिथेच अडखळतो.

रहिवाशांना कधी विचारावं?

पहिली रेघ ओढण्याआधी. इजिप्तमध्ये लक्सरजवळ १९४०च्या दशकात वास्तुविशारद हसन फथी यांनी नवं गुर्ना हे गाव मातीच्या विटांनी, घुमट-कमानींनी फार जिव्हाळ्याने रचलं. स्थानिक साहित्य आणि हवामानाची जाण या बाबतीत त्याचा आजही अभ्यास होतो. पण ज्यांच्यासाठी ते होतं त्यांना आपलं जुनं गाव सोडायचंच नव्हतं. गाव अर्धवट राहिलं आणि बरीच घरं ओस पडली.

विचारतानाही ‘तुम्हाला कसं घर आवडेल?’ असं विचारू नका, उत्तरं चित्रातली येतात. दिवसाचं काम कुठे चालतं, ओले कपडे कुठे वाळतात, पाहुणा आला की कुठे बसतो, घरात भर पडली तर खोली कुठे काढणार, हे विचारा.

पुढच्या वाढीची सोय कशी ठेवावी?

वाढ होणार हे गृहीत धरा. चिलीतल्या इकिके शहरात वास्तुविशारद अलेहांद्रो अरावेना यांच्या ‘एलेमेंतल’ गटाने सुमारे शंभर कुटुंबांसाठी अर्धीच घरं बांधून दिली. त्यात पाया, जिना, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि दोन घरांमधल्या सामायिक भिंती, म्हणजे एकट्याला अवघड असलेली कामं होती. उरलेली जागा रिकामी ठेवली आणि ती लोकांनी आपापल्या ऐपतीने भरली. साध्या वस्तीतही नकाशावर तुटक रेषेने भावी खोली दाखवायला सांगा. तिचं पाणी कुठे जाईल आणि शेजाऱ्याची खिडकी झाकेल का, हे आजच तपासता येतं.

तपासणी समितीने काम कसं करावं?

दोन टप्प्यांत. आधी कच्च्या आराखड्यावर, जेव्हा बदल करायला पेन्सिल पुरते. मग पक्क्या नकाशांवर. कागदपत्रं कमीच मागा, पण नेमकी मागा : १:२०० चा जागेचा नकाशा समोच्च रेषांसह, १:१०० चे मजले आणि दर्शनं (घराच्या बाजू समोरून दिसतात तशी चित्रं), आणि दोन्हीकडची शेजारची घरं दाखवणारा आडवा छेद, म्हणजे जमीन आणि घरं उभी कापल्यासारखं चित्र. हा छेद नसेल तर अर्ज परत करा. उंची, उतार, सावली, पाणी आणि खासगीपणा या पाचही गोष्टी त्याच एका चित्रात एकत्र दिसतात.

उत्तराची मुदत ठरवा, चार आठवडे पुरेत. नकार किंवा बदल सुचवताना तत्त्वाचा क्रमांक आणि कारण लिहून द्या. ‘आम्हाला पटलं नाही’ हे कारण नाही. समितीत एक तरी जाणकार बाहेरचा असावा, आणि ज्याचा भूखंड लागून आहे त्याने त्या अर्जापुरतं बाजूला बसावं.

एखाद्याने वेगळंच काही मागितलं तर?

तत्त्वामागचं कारण दुसऱ्या मार्गाने साधत असेल तर परवानगी द्या. तिरकं छप्पर पाणी लवकर जावं म्हणून असेल आणि अर्जदाराने मातीचं, झाडांचं सपाट छप्पर नीट उतार व निचऱ्यासह दाखवलं, तर अडवायचं काही कारण नाही. दिलेली सूट आणि तिचं कारण नोंदवहीत लिहा. तीच सूट तिसऱ्यांदा द्यावी लागली तर तत्त्वच बदलायची वेळ आली असं समजा.

मंजूर नकाशापेक्षा वेगळं बांधलेलं आढळलं तर?

ते उशिरा आढळू नये म्हणून तीन वेळा जागेवर जा : पायाची आखणी झाल्यावर खोदाईआधी, जोतं पूर्ण झाल्यावर आणि छपराचा सांगाडा उभा राहिल्यावर. आखणीच्या वेळी चूक सापडली तर चुन्याची रेघ पुसावी लागते, जोत्यावर सापडली तर काही थर विटा. छपरानंतर सापडली तर तोडणं जवळजवळ कुणालाच जमत नाही. तिन्ही भेटींत उंची एकाच कायमच्या खुणेवरून मोजा. ती खूण भूखंडाच्या बाहेर, न हलणाऱ्या दगडावर करा आणि काम सुरू होण्याआधी तिचा फोटो आणि पातळी दोन्ही फाइलमध्ये लावा.